नळ गळतोय? पाना उचलायच्या आधी कॉक शोधा

बेळगावच्या शहापुरातलं आमचं घर म्हणजे पुढं जुनं कौलारू आणि मागं नंतर चढवलेला स्लॅब, त्यामुळं पाइपसुद्धा तीन पिढ्यांचे. खाली लोखंडी जीआय, मधे पांढरा पीव्हीसी, वर सीपीव्हीसी, म्हणजे गरम पाणी सोसणारा प्लॅस्टिक पाइप. असल्या घरात कुठं ना कुठं काहीतरी गळतच असतं. चार-पाच वर्षांमागं एका रविवारी सकाळी मोरीतला नळ ठिबकत होता म्हणून मी पाना घेऊन बसलो, वायसर तर बदलायचा, त्यात काय एवढं, असं म्हणून नळाचं डोकं फिरवलं आणि ते सुटून हातात आलं, मागनं पाण्याची धार थेट छातीवर. पळत गच्चीवर गेलो टाकीचा व्हॉल्व्ह बंद करायला, तर तो व्हॉल्व्ह इतकी वर्षं कुणी हलवलाच नव्हता, जोर लावला तसा दांडा मोडून चाकासकट हातात. हजार लिटरची टाकी, अर्ध्या तासापूर्वी भरलेली. शेजारचे काका भिंतीवरनं बघत होते, म्हणाले, "काय रे, नळ काढूलास व्हय? पाणी बंद केलास काय आधी?" शेवटी बायकोनं लाटणं आणून दिलं, त्याच्या टोकाला फडकं गुंडाळून भोकात दाबून धरलं आणि प्लंबर येईपर्यंत तासभर मी तसाच उभा.

त्यानंतर बरंच शिकलो. घर नवीन घेतलंय, भाड्यानं घेतलंय किंवा आजवर सगळं बाबा बघायचे आणि आता आपल्या गळ्यात आलंय, अशांसाठी हे लिहितोय. आणि सुरुवात नळापासनं नाही, कॉकपासनं, म्हणजे लाइनीचं पाणी बंद करणाऱ्या व्हॉल्व्हपासनं.

पाणी कुठं बंद होतं

आज संध्याकाळी एवढंच करा, दुसरं काही करू नका. घरात पाणी कुठनं कुठनं येतं ते चालत चालत बघा. आपल्याकडं बहुतेक घरात निदान दोन लाइनी असतात. एक कॉर्पोरेशनची, ती थेट खालच्या नळाला आणि संपमधे, म्हणजे जमिनीखालच्या टाकीत जाते. दुसरी, संपातनं मोटरनं गच्चीवरच्या टाकीत आणि तिथनं खाली सगळ्या नळांना. काही घरात तिसरी असते, विहिरीची नाहीतर बोअरची. नवीन माणसाची चूक इथंच होते, टाकीचा व्हॉल्व्ह बंद केला म्हणजे सगळं पाणी बंद झालं असं तो समजतो, आणि मग अंगणातला डायरेक्ट लाइनीचा नळ काढायला जातो. पाणी यायचा दिवस नसेल तर काही होत नाही, कॉक बंदच आहे म्हणून आपण खूश, आणि मधेच पाणी सुटलं की अंगण तळं.

प्रत्येक व्हॉल्व्ह बंद करा आणि त्याच्यावर चालणारा एक नळ सोडून बघा. पाइपातलं उरलेलं पाणी जाईपर्यंत मिनिटभर धार येईल, मग थांबायला पाहिजे. थांबली नाही, बारीक धार चालूच राहिली, तर तो व्हॉल्व्ह आतनं गेलेला आहे आणि पहिलं काम त्याचं. जो व्हॉल्व्ह चालतो त्याच्यावर ऑइल पेंटनं लिहून ठेवा, "वरची न्हाणी", "किचन", "सगळं". हसू नका, रात्री अकरा वाजता पाइप फुटला की हेच कामाला येतं.

चाकवाला गेट व्हॉल्व्ह असेल तर दोन-तीन महिन्यातनं एकदा पूर्ण बंद-चालू करत जा, नाहीतर माझ्यासारखा दांडा हातात येईल. पूर्ण उघडल्यावर पाव आटा उलटा फिरवून ठेवायचा, म्हणजे तो ताठून बसत नाही. जुना खराब झालाच असेल तर त्याच्या जागी दांडीवाला बॉल व्हॉल्व्ह बसवून घ्या. दांडी पाइपच्या रेषेत म्हणजे चालू, आडवी म्हणजे बंद, लांबनंसुद्धा कळतं.

हत्यारं

खूप काही लागत नाही. एक १० किंवा १२ इंची अ‍ॅडजस्टेबल पाना, एक पाइप पाना, पक्कड, दोन स्क्रू ड्रायव्हर, हॅक्सॉ, टेफलॉन टेपची चार-पाच रिळं, अर्ध्या इंचाचे आणि पाऊण इंचाचे वायसर, एक एम-सील, बॅटरी, बादली आणि जुनी फडकी. पाने दोन का, तर एकानं नट फिरवायचा आणि दुसऱ्यानं मागचा पाइप धरायचा. एकाच पान्यानं ओढाओढ केली की भिंतीतला एल्बो (पाइपच्या वळणाचा तुकडा) फिरतो, आणि मग वीस रुपयाच्या वायसरसाठी टाइल फोडावी लागते.

दुकानात जाताना काढलेला जुना पार्ट बरोबर न्या. "अर्ध्याचा वायसर द्या" म्हणून आणलेला वायसर निम्म्या वेळा बसत नाही, कारण नळ नळ वेगळा. दुकानात मराठी चालतंच, पण प्लंबर कन्नड बोलणारा मिळाला तर "नळ सोराकत्तैति" एवढं म्हटलं तरी त्याला कळतं, नळ दोन्हीकडं नळच. जुन्या पितळी नळाचा स्पिंडल (मुठीखालचा फिरणारा दांडा) कुठंच मिळत नसेल आणि नळ वाडवडिलांचा म्हणून टाकवत नसेल, तर उद्यमबागेत, कारखान्यांच्या वस्तीत, एखाद्या लेथवाल्याला विचारून बघा, मात्र नवीन नळ त्यापेक्षा स्वस्त पडेल हे आधीच सांगतो.

ठिबकणारा नळ

आधी हिशेब. सेकंदाला एक थेंब पडत असेल तर दिवसात ८६,४०० थेंब, आणि साधारण २० थेंबांचा एक मिली धरला तर रोजचे चार लिटरच्या वर. वर्षाला दीड हजार लिटर, म्हणजे आमची गच्चीवरची टाकी दीड वेळा. पाणी चार-पाच दिवसांनी येणाऱ्या गल्लीत राहणाऱ्याला हे जास्त सांगायची गरज नाही.

आता नीट बघा, पाणी गळतंय कुठनं. तोटीतनं ठिबकतंय की वर मुठीच्या खालनं पाझरतंय की नळ भिंतीत जिथं बसतो तिथनं? तीन जागा, तीन वेगळे आजार, आणि निम्मे लोक तिन्हीवर एम-सील लावून बसतात.

तोटीतनं ठिबकत असेल आणि नळ बंद करायला तीन-चार आटे फिरवावे लागत असतील, तर तो जुन्या पद्धतीचा वायसरवाला नळ. त्याचं असं करायचं:

१. त्या लाइनीचा कॉक बंद करा आणि नळ पूर्ण सोडून पाणी संपू द्या. संपलं का ते बघा. परत बघा.

२. खाली मोरीच्या जाळीवर फडकं पसरा, स्क्रू गेला तर थेट गटारात.

३. मुठीवरची लाल-निळी टिकली नखानं उचका, खाली स्क्रू असतो तो काढून मूठ वर ओढा. अडकली असेल तर हळूहळू डावी-उजवी हलवत काढा, हातोडा नको.

४. खाली मोठा षटकोनी नट दिसेल, त्यावर पाना लावून उलटा फिरवा, दुसऱ्या हातानं किंवा दुसऱ्या पान्यानं नळाचं अंग धरून. स्पिंडल बाहेर येईल.

५. स्पिंडलच्या टोकाला काळा रबरी वायसर असतो. दाबून दाबून त्यावर गोल खळगा पडलेला असतो, कधी रबर फाटून कुरतडल्यासारखं दिसतं. तो काढून त्याच मापाचा नवीन घाला.

६. जोडायच्या आधी करंगळी नळाच्या आत घालून ज्या कडेवर वायसर बसतो ती चाचपा. गुळगुळीत लागली पाहिजे. नखाला खाच लागली तर नवीन वायसर आठ दिवसात परत फाटणार, तिथं नळच बदला.

७. उलट क्रमानं जोडा, नळ बंद ठेवा आणि कॉक हळूहळू उघडा. झटक्यात नाही.

मुठीखालनं पाझरत असेल तर वायसरचा दोष नाही. मुठीच्या खाली लहान नट असतो, तो अगदी थोडा, आठवा भाग, आवळा. पुष्कळदा एवढ्यावर थांबतं. नाही थांबलं तर तो काढून आत दांड्याभोवती दोरीचे दोन-तीन वेढे द्यावे लागतात, दुकानात ग्लँडची दोरी मागा.

अर्ध्या वळणात बंद-चालू होणारा नवा नळ असेल तर आत वायसर नसतोच, सिरॅमिकच्या चकत्यांचा कार्ट्रिज असतो. तो दुरुस्त करत बसू नका, अख्खा काढून दुकानात न्या आणि तसाच घ्या, मुठीच्या टोकाचे दाते मोजून. या चकत्यांचा शत्रू म्हणजे रेती. आपल्याकडं पाणी राकसकोपच्या जलाशयातनं येतं, हिडकलच्या धरणातनं येतं, तिकडं स्वच्छच निघतं, पण मधे लाइन रिकामी राहून मग एकदम पाणी सुटलं की पाइपातला गंज, माती, सगळं पहिल्या पाण्याबरोबर घरात. म्हणून पाणी आल्या आल्या पहिली पाच मिनिटं अंगणातला साधा नळ सोडून बादलीत धरा, झाडांना घाला, आणि पाणी नितळ आलं की मग संपचा व्हॉल्व्ह उघडा. आमच्या घरी हे सुरू केल्यापासनं नळांची निम्मी दुखणी कमी झाली.

प्लॅस्टिकचा नळ असेल तर वरचं सगळं विसरा. काढा, फेका, नवीन लावा.

टेप लावायची रीत

नळ भिंतीजवळ गळत असेल तर तो काढून टेप नवीन लावायची, आणि इथं बहुतेक लोक उलटी लावतात. आटे आपल्याकडं तोंड करून धरा आणि टेप घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं गुंडाळा, ताणून, आट्यांच्या आत बसेल अशी. उलटी लावली तर नळ फिरवताना टेप गोळा होऊन बाहेर येते, पांढरी मिशी आल्यासारखी, तसं दिसलं की काढून परत करा. आपल्याकडची टेप पातळ असते, दोन-तीन वेढ्यांनी काही होत नाही, आठ-दहा तरी द्या. पहिला आटा उघडा सोडा म्हणजे नळ नीट धरतो. जुनी टेप आधी सगळी खरवडून काढायची, जुन्यावर नवी नाही.

नळ आवळताना तोंड खाली यायला पाहिजे, आणि थोडं पुढं गेलं तर परत मागं फिरवायचा नाही. मागं फिरवला की टेप सैल झाली, गळणार. मग काढा, नवीन टेप, परत. मी एकदा चार वेळा केलंय.

जिथं आत रबरी वायसर आहे, म्हणजे बेसिनच्या खालचा लवचिक कनेक्शन पाइप वगैरे, तिथं टेप लावायची नाही. तिथं पाणी रबर थांबवतं, आटे नाही. तो नट हातानं घट्ट आणि वर पान्यानं पाव आटा, बास. सीपीव्हीसीच्या आट्यांनाही जास्त पिळायचं नाही, तो तेव्हा फुटत नाही, बारीक तडा जातो आणि महिन्याभरानं आपण गावाला गेल्यावर फुटतो.

आणि एक, सीपीव्हीसी आणि साधा पीव्हीसी एक नाही. साधा पांढरा पीव्हीसी ६० अंशाच्या पुढं मऊ पडतो, गीझरच्या लाइनीला तो कधीच नको, कुणी मेस्त्री कितीही म्हणाला "चालतंय की" तरी. दोघांचे सॉल्व्हंटही (जोड चिकटवायचं द्रावण) वेगळे. पाइप सरळ कापायचा, कापलेली कडा आतनं-बाहेरनं साफ करायची, दोन्ही बाजूंना सॉल्व्हंट, घालताना पाव वळण देऊन अर्धा मिनिट दाबून धरायचं, कारण लगेच सोडलं तर पाइप मागं सरकतो. पाणी कधी सोडायचं ते डब्यावर लिहिलेलं असतं, मी रात्रभर ठेवतो.

धार बारीक येते

प्रश्न एकच, एकाच नळाला की सगळ्यांना?

एकाच नळाला असेल तर शंभरातले नव्वद वेळा तोंडाची जाळी. फिरवून काढा, बघा त्यात काय निघतं, रेती, गंजाचे तुकडे, पीव्हीसीचा कीस. बोअरचं पाणी असेल तर पांढरा थर. रात्रभर व्हिनेगरमधे नाहीतर लिंबाच्या पाण्यात टाका, सकाळी जुन्या टूथब्रशनं घासा. जाळी काढल्यावरही धार बारीक असेल तर खालचा अँगल कॉक पूर्ण उघडा आहे का बघा, बसवताना कुणीतरी अर्धा ठेवलेला असतो.

फक्त गरम पाणी बारीक येत असेल तर गीझरच्या येणाऱ्या-जाणाऱ्या पाइपात थर बसलेला.

सगळ्या नळांना बारीक, आणि कालपर्यंत चांगलं होतं, आणि मधे टाकी पूर्ण रिकामी झाली होती? मग एअर लॉक. टाकी संपली की पाइपात हवा भरते, नंतर टाकी भरली तरी ती हवा वरच्या वळणात अडकून बसते आणि पाणी तिला ढकलू शकत नाही, कारण टाकी नळापासून १० फूट वर असली तरी दाब जेमतेम ०.३ बार. सगळ्यात खालचे नळ पूर्ण सोडून दहा मिनिटं ठेवा, गुर्र गुर्र करत हवा निघाली तर काम झालं. नाही निघाली तर कॉर्पोरेशनचं पाणी जोरात असताना त्या डायरेक्ट लाइनीच्या नळापासनं एक रबरी पाइप अडलेल्या नळाच्या तोंडाला लावायचा, कोणीतरी घट्ट धरायचा, दोन्ही नळ सोडायचे, खालचं पाणी हवेला उलटं वर टाकीत ढकलतं. वर गच्चीवर एका माणसाला उभं करा, टाकीत बुडबुडे आले की तो ओरडेल. मिनिट-दोन मिनिटात उरकून पाइप लगेच काढा, विसरला आणि पाणी गेलं तर तुमच्या टाकीचं पाणी सार्वजनिक लाइनीत ओढलं जाईल, ते बरोबर नाही.

दर आठवड्याला असं होत असेल तर कायमचा उपाय म्हणजे टाकीतनं निघणाऱ्या पाइपला व्हॉल्व्हच्या पुढं एक उभा पाइप, टाकीच्या पाण्याच्या पातळीपेक्षा उंच, वर तोंड उघडं आणि खाली वळवलेलं. हवा तिथनं निघून जाते. फार खर्चाचं काम नाही, पण घर बांधताना मेस्त्री हमखास विसरतो.

टाकी वाहते, फ्लश वाहतो

टाकी भरून वाहत असेल तर आतल्या फ्लोट व्हॉल्व्हचा गोळा काढून कानापाशी हलवा. आत पाणी डचमळलं तर गोळा फुटलाय, तो तरंगत नाही, म्हणून व्हॉल्व्ह बंद होत नाही. गोळा ठीक असेल तर तोंडाच्या वायसरखाली रेती अडकलेली असते.

फ्लशचं पाणी भांड्यात नुसतं झिरपत असेल तर ते डोळ्यांना दिसत नाही, पण टाकी रात्रीत रिकामी होते. फ्लशच्या टाकीत कपड्यांच्या निळीचे पाच-सहा थेंब टाका आणि अर्धा तास कुणालाही आत सोडू नका (घरात सासरे असतील तर आधी विचारून घ्या). भांड्यातलं पाणी निळं झालं तर तळाचा रबरी वायसर गेला, तो बदला. निळं झालं नाही पण पाण्याचा आवाज येतोय, तर पाणी आतल्या उभ्या नळीतनं वरनं जातंय, फ्लोट थोडा खाली करा, पाण्याची पातळी त्या नळीच्या तोंडाखाली इंचभर राहिली पाहिजे.

तुंबलेलं सिंक आणि न्हाणीचा वास

किचनचं सिंक तुंबलं की लगेच पावडर ओतू नका. खाली बाटलीसारखा ट्रॅप असतो, त्याच्याखाली बादली ठेवा आणि तळाचा कप हातानं फिरवून काढा. पाना लागत नाही, लावलाच तर प्लॅस्टिक फुटतं. आत काय निघेल ते बघायची तयारी ठेवा, चहाची पूड, भात, खोबऱ्याचा चोथा आणि या सगळ्यांना धरून ठेवणारं गोठलेलं तेल. एका दिवाळीनंतर आमच्याकडं साबणाच्या वडीएवढा तुपा-तेलाचा गोळा निघाला होता, अगदी वडीसारखाच, कडक. धुवा, परत लावा, रबरी रिंग सरळ बसली का बघा, आणि काढलेल्या बादलीतलं पाणी सवयीनं त्याच सिंकमधे ओतू नका, ट्रॅप अजून लावलेला नसतो. हे मी केलंय.

ट्रॅप स्वच्छ असूनही पाणी जात नसेल तर अडथळा पुढच्या पाइपात. रबरी पंप घ्या, सिंकमधे चार बोटं पाणी ठेवा, ओव्हरफ्लोचं भोक ओल्या फडक्यानं बंद करा, नाहीतर सगळा जोर तिथनं निघून जातो, आणि वीस-पंचवीस वेळा जोरानं वर ओढा. दाबण्यापेक्षा ओढण्यानं गोळा सुटतो. गरम पाणी ओततानाही उकळतं नको, खाली पीव्हीसी आहे.

न्हाणीतला वास हा प्रकार वेगळा. तिथं जाळीखाली नहाणी ट्रॅप असतो आणि त्यात कायम पाणी उभं असतं, त्या पाण्यामुळंच गटाराची हवा वर येत नाही. मे महिन्यात पंधरा दिवस घर बंद ठेवून आलं की हे पाणी वाळलेलं असतं आणि दार उघडल्या उघडल्या वास. फिनेल नको, अगरबत्ती नको, दोन तांबे पाणी ओता. वाळलं नसेल आणि तरी वास येत असेल तर आतला कप उचलून बघा, केस निघतील, आणि बरेचदा तो कपच कुणीतरी "पाणी पटकन जात नाही" म्हणून काढून टाकलेला असतो.

आणि हे मात्र लक्षात ठेवा, टॉयलेटचं अ‍ॅसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र कधीच टाकायचं नाही. विहिरीसाठी आणलेली पावडर घरात असतेच, हात तिकडं जातो. दोन्ही मिळून क्लोरीन वायू होतो, बंद न्हाणीत जीव जाऊ शकतो. ड्रेनची कॉस्टिक पावडर टाकली असेल आणि तरी तुंबलेलंच असेल, तर प्लंबरला आल्या आल्या सांगा, नाहीतर ट्रॅप उघडताना ते पाणी त्याच्या हातावर.

मोटर चालते, पाणी येत नाही

जुन्या बेळगावात विहिरी पुष्कळ, टिळकवाडीतली काँग्रेस विहीर तर १९२४ च्या अधिवेशनासाठी खणलेली, पण परसातली आपली साधी विहीर आणि तिच्या काठावर बसवलेली मोनोब्लॉक मोटर (पंप आणि मोटर एकातच) हेच नेहमीचं दृश्य. अशी मोटर पाणी ओढते ती हवेच्या दाबावर, आणि किती खोलवरनं पाणी ओढता येतं हा हिशेब समुद्रकाठी कागदावर १० मीटरला जातो. आपण साडेसातशे मीटर उंचीवर, इथं तो साडेनऊच्या आत येतो, त्यातनं पाइपचं घर्षण, वळणं, फूट व्हॉल्व्ह (पाइपच्या पाण्यातल्या टोकाचा व्हॉल्व्ह) जाऊन खात्रीचं म्हणाल तर २० फूट. एप्रिलमधे पाणी त्याच्या खाली गेलं की मोटर बिचारी चांगली असूनही पाणी देत नाही. तिला दुरुस्तीला नेऊ नका, खाली पायरीवर उतरवून बसवा नाहीतर पाण्यात बुडवून चालणारी सबमर्सिबल घ्या.

पातळी ठीक असेल तर मोटरच्या वरच्या बुचातनं पाणी भरा, काठोकाठ, आणि दहा मिनिटं थांबा. पातळी खाली गेली तर फूट व्हॉल्व्हमधे पान-काडी अडकलीय किंवा मधल्या एखाद्या जॉइंटमधनं हवा शिरतेय. तो जॉइंट बाहेरनं गळताना दिसत नाही, कारण तो पाणी सोडत नाही, हवा ओढतो. तशीच कोरडी चालवत ठेवली तर आतलं सील जळतं.

मोटर नुसती हूं करते, फिरत नाही, तर लगेच बंद करा. प्लग काढा, नुसतं बटण नाही. मागच्या फॅनच्या बाजूनं शाफ्ट हातानं फिरवून बघा, बरेच महिने बंद राहिलेली मोटर जाम होते आणि एकदा फिरवली की सुटते. सुटूनही हूंच करत असेल तर कॅपॅसिटर, आणि तिथं हात घालायचा नाही, प्लग काढल्यावरही त्यात करंट साठलेला असतो. इलेक्ट्रिशियनचं काम.

भिंतीला ओल

जून ते सप्टेंबर आपल्याकडं जो पाऊस लागतो त्यात प्रत्येक भिंत ओली दिसते, आणि लोक प्लंबरला बोलावतात. पाइप गळतोय की पाऊस मुरतोय हे ओळखायला सोपं, एप्रिल-मेमधे ती जागा बघा. वाळली तर पाऊस, गच्ची किंवा कौल बघा. भर उन्हाळ्यातही ओली आणि टाकी विनाकारण लवकर संपते, तर पाइप. ज्यांच्याकडं चोवीस तास पाणी आणि मीटर आहे त्यांनी रात्री सगळे नळ बंद करून मीटरचा आकडा फोटोत घ्यावा आणि सकाळी परत बघावा, हलला असेल तर कुठंतरी गळतंय. टाकीवाल्यांनी टाकीच्या आत खडूनं पातळीची रेघ मारावी, तेच काम होतं.

पाइप भिंतीच्या आत असेल तर मी स्वतः फोडत नाही. तिथं प्लंबर. गीझरच्या आतलं काही असेल तर तेही त्याचंच, मी फक्त एमसीबी पाडून बाहेरचा कनेक्शन पाइप बदलतो. गीझरच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधनं पाणी तापताना चार थेंब पडले तर पडू द्यायचे, तापलेलं पाणी फुगतं त्याची ती वाट आहे. ते भोक एम-सीलनं बुजवलेलं मी एका पाहुण्यांच्या घरी बघितलंय, आंघोळ न करता परत आलो.

शेवटचं काम रात्रीचं. जॉइंट कुठलाही असो, कोरड्या फडक्यानं पुसा आणि खाली जुना पेपर पसरून झोपा. हाताला न लागणारी गळती पेपरवर सकाळी दिसते, थेंब वाळला तरी कागद सुरकुतलेला राहतो. सुरकुती असेल तर कॉक बंद करा आणि जॉइंट परत उघडा.